ताठरलेले मागचे सस्पेन्शन

सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर एखाद्या जुन्या मर्सिडीज 123 स्टेशन वॅगनचा मागचा भाग प्रत्येक गतिरोधकावर दणके देऊ लागला, तर स्प्रिंगांवर संशय घेण्यापूर्वी नायट्रोजनचे गोळे तपासावेत. भार वाढला तरी मागची उंची कायम राखणाऱ्या या रचनेत पंपाने दाबलेले तेल गोळ्यांत शिरते आणि रबरी पडद्यापलीकडचा वायू आकुंचन पावून धक्के पचवतो. पडदा फाटून वायू निघून गेला, की तेल दबत नसल्याने चाल ताठर होते. इंजिन चालू ठेवून डिकीत दोघांना बसवल्यावर दबलेला भाग थोड्या वेळात उचलला गेला, पण हादरे कायम राहिले, तर दोष बहुधा गोळ्यांत असतो. तो उचललाच गेला नाही, तर टाकीतील तेल, पंप आणि उंची नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह तपासावा.