फाटकाच्या आतली लोकशाही



निवडणुकीत मजूर आणि मालक यांचे मत सारखेच मोजले जाते. पण सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना मजुराचे नागरिकत्व बाहेरच राहते. काम किती, पगार किती, खाते कधी बंद करावयाचे, हे दूर बसलेले संचालक ठरवतात. आम्हांस ही विसंगती घातक वाटते.

भांडवल ज्याचे, सत्ता त्याची, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच तालुक्यात, भुईंजच्या सहकारी साखर कारखान्यात सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. भांडवल आणि सत्ता यांची गाठ सुटू शकते ती अशी. मात्र हे मत सभासदाचे. बीडकडून येऊन ऊस तोडणाऱ्या जोडप्याचे नव्हे.

कामगारांना कारभार झेपेल काय? कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ साली बंद पडली. १९८८ साली कामगारांच्या सहकारी संस्थेने ती हाती घेतली आणि काही वर्षे चालवली. पुढे ती अडचणीत आली, हे खरे. पण मालकांच्या हाती ती आधीच बुडाली होती.

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे घटनेचे ४३ अ हे १९७६ साली आलेले कलम सांगते. परंतु मार्गदर्शक तत्त्वासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ती लोकांनीच मागावयाची असते. संचालक मंडळावर कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी, त्यांच्यापुढे उघडा हिशेब, आणि तोडणी कामगारालाही सभेत बोलण्याचा हक्क, एवढे तरी आपण मागू या. आरंभ आपल्याच कारखान्यापासून व्हावा.