काळ्या कातळाचा मुलूख : कर्जत-खालापूरची जडणघडण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ‘ड्राय फॉल्स’ नावाचा कडा आहे. सुमारे साडेपाच किलोमीटर रुंद, १२० मीटर उंच आणि धबधबा म्हणावा तर कोरडाठाक. हिमयुगाच्या अखेरीस मोंटानातल्या दऱ्यांत बर्फाच्या बांधाआड प्रचंड सरोवर तुंबे. बांध फुटला की सगळं पाणी काही दिवसांत शेकडो किलोमीटर धावे आणि वाटेतला कातळ उचकटून नेई. हे अनेकदा घडलं. हा प्रदेश महापुरानं कोरला, असं भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये मांडलं, तेव्हा जाणकारांनी त्यांना वेड्यात काढलं. भूविज्ञानातलं मानाचं पेनरोज पदक त्यांना मिळालं ते १९७९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर.

कर्जतमध्ये ही गोष्ट काढायचं कारण असं, की त्या पुरानं फोडलेला कातळ आणि आपल्या बोरघाटातला कातळ एकाच जातीचा आहे. दोन्ही बसाल्ट. तिथला दीडेक कोटी वर्षांपूर्वीचा, इथला सुमारे साडेसहा कोटी. इथे पूर आला तो वितळलेल्या दगडाचा. भेगांतून लाव्हा उसळायचा, पसरायचा, थिजायचा. मग काही काळ उसंत आणि पुन्हा नवा लोंढा.

ही उसंत घाटात डोळ्यांनी दिसते. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे खाली घट्ट काळा पाषाण, त्यावर भोकाभोकांचा ठिसूळ दगड, भोकांत पांढरे खडे आणि मग मध्येच तांबड्या मातीचा पातळ पट्टा. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. त्या पट्ट्यावर पुन्हा काळा पाषाण. घट्ट थर कड्यासारखे उभे राहतात, ठिसूळ थर उतार होऊन पसरतात. सह्याद्रीला पायऱ्या पडल्यात त्या अशा.

पुढचं काम पावसानं केलं. अमेरिकेतल्या पुराला दिवस पुरले, इथे पाण्याला कोट्यवधी वर्षं लागली. घाटाचा कडा झिजत झिजत पूर्वेकडे हटला आणि माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड मागे सुटे उभे राहिले. राजमाची-खंडाळ्याच्या अंगानं उतरणारं पाणी दोन वाटांनी फुटलं : उल्हास कर्जत-नेरळवरून उत्तरेला कल्याणकडे वळली, पाताळगंगा खोपोली-खालापूरवरून धरमतरच्या खाडीकडे गेली.

मग हिमयुगाचा इथे काहीच हात नाही का? आहे, पण तो समुद्राच्या बाजूनं. सह्याद्रीवर हिमनद्या कधी नव्हत्या. मात्र जगभरचं पाणी बर्फात अडकलं होतं तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि आपला किनारा कितीतरी पश्चिमेला होता. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि नद्यांची मुखं बुडाली. वसईची आणि धरमतरची खाडी ही अशी बुडालेली खोरी.

झीज अजून चालू आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले. त्याहून अधिक माणसं सापडलीच नाहीत.

वाड्या अशा जागी का वसतात, याचं उत्तरही थरांत आहे. वरून मुरलेलं पाणी तांबड्या, चिकट थराशी अडतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. झिजलेल्या दगडाचा मुरूम आणि माती उताराच्या टप्प्यावर साचते. पाणी, शेतीपुरती माती, बऱ्यापैकी सपाट जागा हे सगळं कड्याच्या पायथ्याशी एकत्र मिळतं. पण तीच माती घट्ट कातळावर नुसती टेकलेली असते. पावसाचं पाणी तिच्यात भरलं की तिचं वजन वाढतं आणि पकड सुटते.

म्हणून पावसाळ्याआधी वाडीच्या वरच्या अंगाला फिरून यावं. जमिनीला नवी भेग, कललेली झाडं वा खांब दिसले, किंवा ऐन पावसात नितळ झरा अचानक गढूळ वाहू लागला, तर मुक्काम तिथे ठेवू नये. तलाठ्याला आणि तहसील कचेरीला लगेच कळवावं.