खोटी नोट हाती आली तर

सुरतेत उधना, लिंबायत भागात आपली मराठी माणसं खूप.
अनेकांचा व्यवहार आजही रोखीचा.
त्यात एखादी नोट खोटी निघाली, तर?

मनात येतं, गर्दीत खपवून टाकू.
नका खपवू.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे.
खोटी आहे हे ठाऊक असून नोट चालवली,
तर १० वर्षांपर्यंत कैद, जन्मठेपही होऊ शकते.
चालवण्याच्या इराद्यानं नुसती जवळ ठेवली,
तरी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नकळत हाती आली, तर तो गुन्हा नाही.
कळल्यावर पुढे सरकवली, की गुन्हा.

५००ची नोट हातात घ्या. तिरकी करा.
तिच्यातला हिरवा धागा निळा दिसायला हवा.

शंका आली, तर थेट बँकेत जा.
नोट खोटी ठरली, तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते.
पोच मागून घ्या.
पैसे परत मिळत नाहीत, हे खरं.

पण तीच नोट भाजीवाल्या मावशीच्या हातात गेली,
तर तिची दिवसभराची कमाई बुडेल.

म्हणून पुन्हा सांगते :
खोटी नोट खपवू नका. बँकेत द्या.