थंडीताप, दवणा आणि चिनी शेक
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तुमच्यातूनच आला आहे. आपल्या गटातल्या बऱ्याच जणांनी गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी ॲक्युपंक्चर घेतलंय. तिथे सुयांबरोबर कधीकधी एक जळती कांडी अंगाजवळ धरतात. ती पाहून कुणीतरी विचारलं, "थंडी वाजून ताप आला तर हा शेक चालेल का?" मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त तपासण्यात गेली. तेव्हा माझं उत्तर सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या माणसाचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा ही कांडी म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत तिला मोक्सा म्हणतात. हा शब्द मूळचा जपानी, 'मोगुसा'. एका रानटी झुडपाची पानं वाळवून, मुरवून, कुटून त्यांचा कापसासारखा भुगा करतात. त्याची कधी विडी वळतात, कधी छोटे शंकू करतात. विडी पेटवून कातडीपासून थोडी दूर धरतात. शंकू असेल तर खाली आल्याची चकती ठेवतात. धूर भरपूर होतो आणि वास असा, की अपार्टमेंटमध्ये आधी अलार्म वाजतो आणि मग शेजारी वेगळ्याच संशयाने बघतात! म्हणून इथे बिनधुराच्या कांड्याही मिळतात.

हे झुडूप आपल्याला अगदीच परकं नाही. आपण चैत्रात देवाला दवणा वाहतो, जोतिबाच्या यात्रेला गेलेली मंडळी गुलालाबरोबर दवणा घेऊन येतात. मोक्साचं झुडूप त्याच दवण्याच्या गोत्रातलं. शास्त्रज्ञ या गोत्राला आर्टेमिसिया म्हणतात. इथे अमेरिकेच्या पूर्व भागात त्यातली एक जात रस्त्याच्या कडेला तण म्हणून माजते. हे गोत्र लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

चीनमध्ये हा उपचार फार जुना. ॲक्युपंक्चरला चिनी भाषेत 'झेनज्यू' म्हणतात. त्यातलं 'झेन' म्हणजे सुई आणि 'ज्यू' म्हणजे हा शेक. चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७३ साली एका कबरीत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. ती कबर इसवी सनापूर्वी १६८ मधली. त्यातल्या शरीरवाहिन्यांवरच्या ग्रंथांत उपचार सांगितलाय तो शेकाचा, सुयांचा नाही.

अमेरिकेत या विद्येचा बोलबाला झाला तो १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पुढे सगळीकडे पसरलं की ऑपरेशन सुया टोचून केलं. तसं नव्हतं. भूल नेहमीच्या इंजेक्शननेच दिली होती. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, त्यासाठी सुया आणि हा जळता शेक दिला. २६ जुलैच्या अंकात रेस्टन यांनी स्वतःच तसं लिहिलं. दोन वर्षांनी नेवाडा राज्याने चिनी वैद्यकाला कायद्याने मान्यता दिली. आता मेडिकेअरसुद्धा २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचे पैसे देतं. पण फक्त कंबरदुखीसाठी. तापासाठी नाही.

आता मूळ प्रश्न. चिनी वैद्यकाची मांडणी अशी, की शेक हा थंडीवरचा उपाय. अंगात गारठा शिरला, हुडहुडी भरली, ताप नावापुरताच आहे, तर ऊब द्यावी. मानेच्या मुळाशी जे ठसठशीत हाड हाताला लागतं, त्याच्या खालच्या बिंदूला 'दाझुई' म्हणतात. थंडी-तापासाठी तो बिंदू प्रसिद्ध आहे. पण अंग भाजतंय, तोंड सुकलंय, नाडी धावतेय, अशा वेळी? 'शांगहान लुन' हा तापावरचा त्यांचा सर्वांत मानाचा ग्रंथ, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा. त्यात बारीक आणि जलद नाडी असताना शेक देऊ नये असं बजावलंय. नंतरच्या काही वैद्यांनी तापातही शेक दिला, त्यावर त्यांच्यात वाद झाले. म्हणजे ज्यांची ही विद्या, त्यांनाही तापात विस्तव जपूनच वापरायचा होता.

आपल्याकडेही तेच. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे, सूत्रस्थानातला बारावा. डाग कशाने द्यावा, कुठे द्यावा, हे सांगून झाल्यावर कुणाला देऊ नये तेही त्यात आहे: पित्तप्रकृतीचा, दुबळा, लहान मूल, म्हातारा, भित्रा. शरद आणि ग्रीष्म हे ऋतूही टाळायला सांगितलेत. या हिशोबाने आपला ज्येष्ठ नागरिक गट तर पूर्णच बाद! हसू नका, सुश्रुताची ही यादी मेळघाटात आजारी तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देणाऱ्यांपर्यंत पोचली असती, तर किती बाळं वाचली असती. चिनी शेकात कातडी सहसा जाळत नाहीत, पण हात चुकला की फोड येतो. आणि इथे मुलाच्या अंगावर भाजल्याची खूण पाहून डॉक्टरला छळाचा संशय आला, तर तो कळवणं कायद्याने भाग असतं. म्हणून नातवंडांवर घरगुती प्रयोग नकोच.

पण मला जी भीती वाटते ती फोडाची नाही, गेलेल्या दिवसांची आहे. मराठीत आपण मलेरियाला हिवताप म्हणतो. हिव म्हणजे थंडी. आधी दात वाजतात, मग अंग तापतं, मग दरदरून घाम सुटतो आणि माणूस म्हणतो, "चला, बरं वाटतंय." दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या घामाच्या वेळी शेक दिलेला असेल तर श्रेय शेकाला जातं, काढा दिला असेल तर काढ्याला. परोपजीवी जंतू मात्र रक्तात वाढतच असतो.

असे एक गृहस्थ मला माहीत आहेत. डिसेंबरात भारतात जाऊन आले, दोन आठवड्यांनी थंडी वाजू लागली. फ्लू समजून चार दिवस काढले, त्यात दोनदा शेक घेतला. दर वेळी घाम आला, बरं वाटलं. पाचव्या दिवशी बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तेव्हा मुलीने त्यांना इमर्जन्सीत नेलं. त्यांच्या रक्ताची काचपट्टी मीच पाहिली. फॅल्सिपॅरम होता. ते वाचले, पण दहा दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं. पहिल्याच दिवशी तपासलं असतं तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं.

आता त्या गोत्राकडे येऊ. चौथ्या शतकात ग हाँग नावाच्या चिनी वैद्याने पाळीच्या तापावर एक उपाय लिहून ठेवला: 'छिंगहाव' नावाच्या झुडपाची मूठभर पानं पाण्यात भिजवावी, पिळावी आणि तो रस प्यावा. छिंगहाव हा दवण्याचाच भाऊ. १९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधण्याची मोहीम काढली. त्यात थू योयो या संशोधक बाईंनी हा उतारा वाचला. उकळलेल्या अर्काचा गुण खात्रीने येत नव्हता. ग हाँगने तर पानं पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. उष्णतेने औषध मरत असेल असं धरून त्यांनी ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये थू योयोंना नोबेल मिळालं. त्याच घराण्यातलं आर्टेसुनेट हे इंजेक्शन, अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालेलं, आज गंभीर मलेरियावरचं पहिलं औषध आहे.

म्हणजे जुन्या चिनी वैद्यकात थंडीतापावर खरंच औषध होतं. पण ते दुसऱ्या झुडपात होतं, ते जाळायचं नव्हतं, आणि तपासून पाहिल्यावरच हाती लागलं. जुन्या ज्ञानाचा मान राखायचा तर त्याची अशी परीक्षा घेऊनच.

आता व्यवहाराचं. अमेरिकेतून मलेरिया १९५१ मध्येच हद्दपार झाला. त्यामुळे इथल्या तरुण डॉक्टरला तो चटकन सुचत नाही. दर वर्षी इथे साधारण २००० रुग्ण सापडतात, ते बहुतेक सगळे प्रवासाहून आलेले. आपण माहेरी जातो, म्हणून गोळ्या घेत नाही. "आम्ही तिथलेच, आम्हाला काय होतंय!" पण ती प्रतिकारशक्ती इथे राहून केव्हाच ओसरलेली असते. तेव्हा चार गोष्टी करा. जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. परतल्यावर वर्षभरात कधीही थंडीताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे पहिलं वाक्य हेच बोला: "मी भारतात जाऊन आलोय, मलेरियाची तपासणी करा." आणि पहिली पट्टी स्वच्छ निघाली तरी तेवढ्यावर थांबू नका. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने अशी तीनदा तपासणी करतात, कारण जंतू दर वेळी सापडतोच असं नाही.

गुडघ्याला शेक घ्यायचा असेल तर परवानाधारक माणसाकडे खुशाल घ्या. तापात मात्र आधी रक्त, मग बाकी सगळं. या दिवाळीनंतर बरेच जण भारतात निघाल. सुखरूप जा, सुखरूप या आणि येताना दवणा आणायचा मोह झालाच तर कस्टमवाल्यांना आठवा!