वंशाची पोथी आणि तिचे पाठभेद
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी 'आनुवंशिकता आणि कर्करोग' या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी डॉक्टर आहे, वक्ता नव्हे. तथापि हा विषय आपल्या सभेत निघावा असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. कारण घरचेच आहे. माझ्या आत्याने स्तनातील गाठ दीड वर्ष कोणासही दाखविली नाही. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. घराण्यात रोग आहे असा बोभाटा झाला तर सोयरीक जुळणार नाही, एवढीच भीती. दोघींची लग्ने झाली. धाकटीच्या लग्नानंतर चार महिन्यांनी आत्या गेली. ज्या समजुतीने तिचा जीव घेतला, ती शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते, हे आज पाहावयाचे आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक पोथी असते. तिच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. तीत प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. परंतु प्रथिनांचा मजकूर शंभरात दोन भागही नाही. उरलेल्या भागात, कोणता अध्याय कोणत्या पेशीने केव्हा व किती वेळा वाचावा, याच्या पुष्कळ सूचना आहेत. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांची पोथी एकच. वाचन मात्र निराळे. या व्यवस्थेस जनुक-नियमन म्हणतात.

हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून पाठभेद शिरतात, हे आपण जाणतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेच्या पंडितांनी असे असंख्य पाठभेद पारखले. वंशाच्या पोथीचेही तसेच आहे. कोणत्याही दोन माणसांत हजारात सुमारे एक अक्षर भिन्न असते. बहुतेक भेद निरुपद्रवी. काही सूचनांच्या जागी पडून एखाद्या जनुकाचे काम किंचित कमीअधिक करतात. अगदी थोडे खरोखर घातक. 'निर्दोष घराणे' ही वस्तूच सृष्टीत नाही.

आता वार्धक्याकडे वळू. माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत ठरावीक वेळाच विभागतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखविले. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. धुणावळीत वस्त्राचा काठ विरत जावा, तशी ही टोके प्रत्येक विभाजनागणिक झिजतात. ती भरून काढणारे टेलोमरेझ नावाचे विकर बहुतेक प्रौढ पेशींत बंद असते. हे वार्धक्याचे एक कारण खरे. पण बेबंद वाढीवरचा तो एक लगामही आहे.

कर्करोग हा लगाम तोडतो. २०१३ साली दोन संशोधकगटांनी त्वचेच्या एका कर्करोगात असे दाखविले की, टेलोमरेझच्या जनुकाच्या मजकुराला धक्का न लागता, त्याच्या अलीकडील सूचनेत एक अक्षर बदलले तरी ते बंद जनुक जागे होते. एका कुटुंबात हा रोग पिढीजात होता. तेथे अशाच प्रकारचा बदल जन्मतःच आलेला आढळला. इतर रुग्णांत मात्र तो आयुष्यात पुढे, गाठीतल्या पेशींतच, घडला होता. पाठभेद वारशाने येतो, तसा हयातीतही पडतो!

असे भेद साचत जातात. वरून निरोगी दिसणाऱ्या, उतारवयाकडे झुकलेल्या माणसांच्या पापण्यांच्या त्वचेत चौथ्या हिश्शाहून अधिक पेशींत कर्करोगास पोषक बदल सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. तरीही त्या व्यक्तींच्या त्या त्वचेत कर्करोग नव्हता. एक चूक सहसा पुरत नाही. १९७६ साली पीटर नोवेल यांनी मांडले की, कर्करोग हा बहुधा एका पेशीचा वंशविस्तार होय. त्यात नवनवे भेद पडतात व चिवट शाखा टिकते. औषधाने बाकीच्या मेल्या तरी औषधास न जुमानणारी शाखा पुन्हा माजते. म्हणून गाठ लहान असतानाच वैद्यास दाखवावी. दीड वर्षात हा वंश फार वाढतो.

मग वारशाचा भाग किती? कर्करोगाच्या शंभर रुग्णांत ठळक आनुवंशिक कारण सुमारे पाच ते दहांत आढळते. १९९४ साली शोधलेले बीआरसीए-१ हे जनुक त्यांपैकी प्रमुख. त्यातील दोष अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो पित्याकडूनही येतो. सुनेच्या माहेराकडेच बोट दाखविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्यासारख्या ज्ञातीला आणखी एक विचार आवश्यक आहे. डॉ. सांघवी आणि डॉ. खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी १९५० साली प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह करणाऱ्या समाजात एखाद्या पूर्वजाचा दुर्मीळ पाठभेद अनेक घरी पोहोचलेला असू शकतो. तेव्हा शेजारच्या घराला नावे ठेवताना, तोच भेद आपल्याही पोथीत असेल, याची जाणीव असावी.

माझी तीन विनवण्या आहेत. आपण हौसेने वंशावळी राखतो. कोणास कोणता रोग कोणत्या वयात झाला, याची टिपणेही घराघरांत ठेवावी व ती डॉक्टरांस दाखवावी. तंबाखू व मिश्री सोडावी. तिने पडणारे पाठभेद विधिलिखित नव्हेत, ते आपण स्वहस्ते लिहितो. आणि सोयरीक पाहताना रोगाची माहिती हे मुलीचे वैगुण्य मानू नये. जे घर खरे सांगते, ते विश्वासार्ह समजावे.

आत्याच्या धाकट्या मुलीने आपल्या कन्येला आजीची हकीकत कधीच लपविली नाही. ती कन्या आज या सभागृहात बसली आहे. पोथी बदलणे आपल्या हाती नाही. ती उघडून वाचण्याची लाज मात्र आपण सोडू शकतो.