फिरणे, चालणे आणि भान

(बोरी बुद्रुक येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या पौर्णिमेला आपल्यातल्याच एका विद्यार्थ्याने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. पांढरे घोळदार झगे, डोक्यावर उंच टोप्या आणि माणसे स्वतःभोवती गरगर फिरत आहेत. त्याने विचारले, "काका, ही उपासना की अंगात येणं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घुमणे, अंगात येणे, देवऋषी या गोष्टी घरातून घालवताना आपल्या आजी-आजोबांनी काय सोसले, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी काही मोठा अभ्यासक नव्हे, बँकेतला कारकून. पण मिळेल ते वाचले आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

ही पद्धत तुर्कस्तानातल्या कोन्या शहराची. सूफी कवी जलालुद्दीन रूमी तेथे १७ डिसेंबर १२७३ रोजी वारले. त्यांच्या अनुयायांचा मेवलेवी पंथ उभा राहिला, आणि या फिरण्याला त्यांनी नाव दिले 'समा', म्हणजे ऐकणे. रूमींच्या मृत्यूच्या रात्रीला ते लग्नाची रात्र म्हणतात. आपल्या गावोगावच्या जत्रेतला 'उरूस' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा. उरूस म्हणजे मुळात लग्न, हे मलाही आताच कळले.

चित्रफितीत जे दिसत नाही ते शिक्षण मला महत्त्वाचे वाटते. जुन्या काळी या पंथात येणाऱ्याला मठात १००१ दिवस सेवा करावी लागे, आणि तीही मुख्यतः मुदपाकखान्यात. फिरायला शिकताना लाकडी फळीवर एक खुंटी ठोकलेली असे. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत ती धरून, फळीवर मीठ टाकून, त्याच जागेवर फिरायचे. टोपी म्हणजे थडग्याचा दगड, पांढरा झगा म्हणजे कफन, वरचा काळा डगला उतरवला म्हणजे अहंकार उतरवला. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. वरून मिळाले ते खाली द्यायचे, स्वतःकडे ठेवायचे नाही. आणि गुरूने थांबवले की थांबायचे, न पडता.

१९२५ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने कायद्याने हे सारे मठ बंद केले. पुढे १९५० नंतर कोन्यात जाहीर कार्यक्रमांना मोकळीक मिळाली, आणि २००८ मध्ये युनेस्कोने हा समा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. आता हॉटेलांतही पर्यटकांसाठी तो चालतो म्हणतात. जेवणाच्या ताटाशेजारी उपासना, हे काही मनाला पटत नाही.

हे सारे परदेशातलेच, असे समजू नका. वेरूळजवळच्या खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य १३३७ मध्ये वारले. गाणे ऐकता ऐकता नाचण्याची त्यांची एक वेगळीच रीत होती. बुऱ्हाणपूर शहराला नाव त्यांच्यावरूनच पडले. सगळ्या सूफींना मात्र हे मान्य नव्हते. नक्शबंदी मंडळी मनातल्या मनात जप करण्यावर भर देतात. आणि आपल्याकडच्या काही दर्ग्यांत अंगात येण्याचे प्रकारही चालतात, तेही लपवायला नको.

मग आपले काय? इथे एक अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. उपोसथाला अष्टशील पाळणारा उपासक नाच, गाणे, वादन यांपासून दूर राहतो. तेव्हा नाच ही आपली उपासना नव्हे. पण चालणे आहे! भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले: प्रवासाचे बळ येते, कष्टाची ताकद येते, प्रकृती चांगली राहते, खाल्लेले पचते, आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्याने चौथा लाभ विशेष ध्यानात ठेवावा. बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या बाजूला ती चंक्रमणाची जागा आजही दाखवतात.

आणि आपल्या जुन्नरला तुळजा लेणी आहे. विद्यार्थ्यांपैकी कितीजण तिथे गेलेत? लेण्याद्रीचे चैत्यगृह लांबट आहे, पण तुळजेचे चक्क गोल. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमटासारखे छत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा कातळ खोदणाऱ्यांनी बसण्याआधी फिरण्याची सोय पाहिली. स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरायचे. कोन्याचा दरवेशी उलट, डावीकडे फिरतो, म्हणजे हृदय आतल्या बाजूला राहते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या आजीच्या अंगात लहानपणापासून देवी यायची. धर्मांतरानंतर घरातले देव कुकडीत सोडले आणि तिने ते सोडले. पण हलगी वाजली की पाय ऐकायचे नाहीत, असे ती सांगे. मग ती उठायची आणि अंगणात शांतपणे फेऱ्या घालायची. मी कॉलेजात होतो, नवे नवे वाचलेले. एकदा तिला म्हणालो, "आजी, तू पुन्हा त्याच वाटेला लागलीस." ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "तवा मला काय बी कळत नव्हतं बाबा. लोकच मागून सांगायचे, तू असं बोललीस, तसं बोललीस. आता पाऊल कुठं पडतंय ते समदं कळतंय."

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि माफी मागायचेही राहून गेले. शेवटच्या वर्षांत तिला एकदा तुळजेला नेले. पायऱ्यांवर तीनदा बसली. आत गेल्यावर मात्र माझा हात सोडून एकेका खांबाला हात लावत ती स्तूपाभोवती फिरली. बारा मोजले, आणि मग म्हणाली, "चल, आता बसू."