सडपातळ अंगातली चरबी

वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात. मांड्यांच्या स्नायूंत साखर आणि चरबी जळत असते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. इन्सुलिन त्यांचं दार उघडतं. वजन वाढलं, तळलेलं-गोड रोजचंच झालं, की चरबी स्नायूंच्या पेशींतही साठते आणि इन्सुलिनची हाक तिथं नीट पोचत नाही. साखर रक्तातच राहते.

आपण तर बारीक आहोत, असं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडणारा हा संशोधक मला फार मोलाचा वाटतो.

बारीक असा वा जाड, चालत्या स्नायूला साखर ओढून घ्यायला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून रात्री ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी जेवलात की लगेच आडवे होऊ नका. वेशीपर्यंत पायी जाऊन या.